माहेरची मशीन

मंजुश्रीबाईंच्या लातूरच्या घरात शिलाई मशिनी सात होत्या आणि शिवणारं माणूस एक. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. आता त्या जुन्या मशिनी हुडकायच्या, खोलायच्या, रॉकेलनं धुऊन चालत्या करायच्या आणि मग त्यांच्यावर परकर, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवायच्या. सातवी मशीन देवघराच्या दाराशी ठेवावी लागली. पूजेवरून उठताना तिच्यावर गुडघा आपटला, तेव्हा बसवराजांनी बायकोला बजावलं, "यापुढं विकत आणलेली एकही मशीन या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

तिसऱ्याच आठवड्यात नांदेडहून शेषेराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला. आईची हातमशीन आहे, बावीस वर्षांपासून बंद. भंगारात घालण्यापेक्षा तुम्ही घेता का?

"खालच्या दोऱ्याचं शटल गोल आहे की होडीसारखं?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

होडीसारखं होतं. तसली त्यांच्याकडे एकही नव्हती. "नांदेडला काम आहे," एवढंच घरी सांगून त्यांनी सकाळची बस धरली.

मशीन टीव्हीखाली होती, तिच्याशेजारी शेषेरावांची आई साखराबाई.

"न्या बाई," त्या म्हणाल्या. "सुनंचा हात लागला आन् रुसली ती रुसलीच."

आत सून उज्वला चटणी वाटत होती. मिक्सर जरा जोरात फिरला.

मंजुश्रीबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि दोष तिथंच दिसला. सुईची चपटी बाजू शटलकडे हवी. इथं ती बरोबर उलट होती. बाकी मशीन ठणठणीत. गप्प बसलं, तर ती आत्ताच्या आत्ता पिशवीत जाणार होती. बोललं, तर चालती होणार, आणि चालती मशीन कोण देतं? पण ज्या बाईनं तीस वर्षं पोरांच्या प्रयोगवह्यांतले बनवलेले आकडे खोडले, तिला गप्प बसणं जमेना.

"ही सुई कुणी बसवली?"

"मीच," शेषेराव ऐटीत म्हणाले. "जुनी मोडली होती. आणली, बसवली."

"उलटी बसवलीत."

मिक्सर बंद झाला.

सुई सरळ करून मंजुश्रीबाईंनी दोरा ओवला, जुन्या लुगड्याचा तुकडा घातला आणि दांडा फिरवला. टीप पट्टीनं आखल्यासारखी पडली. उज्वला दारात उभी होती.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "माझा हात जड हाय म्हणून बावीस वर्षं ऐकून राहिले मी!"

"मला वाटलं, मशीनच..." शेषेराव म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका."

साखराबाईंनी सुनेकडे पाहायचं टाळून चाकावरून हात फिरवला. "चालती हाय म्हणल्यावर विकायची न्हाई. चालती मशीन लेकीसंगं जाते. आन् मला लेक न्हाई."

मंजुश्रीबाईंनी चष्मा डबीत ठेवला आणि पिशवीची घडी घातली.

"मग करा की ह्यान्लाच लेक," उज्वला म्हणाली. "घरात राहिली तर मला रोज तेच आठवंल. आन् मला नणंद पाहिजेच हाय. आपल्यात भांडण झालं तर फोन कुणाला करू?"

साखराबाईंनी मंजुश्रीबाईंना न्याहाळलं. "वय किती?"

"एकसष्ट."

"माझं ब्याऐंशी." त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "बसतं."

खण, नारळ, तांदळानं ओटी भरली. पर्स उघडताच हातावर चापट बसली. "लेक माहेरी पैसे देती व्हय? पंचमीला यायचं. मशीन घेऊन."

संध्याकाळी बसवराज उंबऱ्यातच आडवे आले. "आठवी?"

"विकत नाही आणली. माहेरून आली."

"तुझं माहेर उदगीर!"

"नांदेडलाही आहे. आज दुपारपासून."

बसवराज काही बोलणार, तोच फोन वाजला. मंजुश्रीबाईंनी तो त्यांच्याच कानाला लावला.

"जावई का? लेक पोचली का माझी? एवढं वजन तिनं एकटीनं नेलं. पंचमीला तुम्ही उचला."

"हाव, मामी," बसवराज म्हणाले. आपण सासूला म्हणतात तसं 'मामी' म्हणालो, हे त्यांना नंतर कळलं.

मशीन त्यांनीच उचलून आत ठेवली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं पुढंमागं उलटत त्यांनी विचारलं, "धोंड्याचा महिना कधी येतोय गं? जावयाला बोलावतात तो?"