शेवटच्या भागाचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना पहिला भाग आहे. पाच भागांच्या जादूच्या कादंबरीचा. कणा दोनदा चिकटवलेला, पाने पिवळी.

छत्रपती संभाजीनगरच्या पुस्तक प्रदर्शनातून नीरजाने मला घरी आणले, तेव्हा ती आठवीत होती. पण तिने मला एकटीने वाचले नाही. पडेगावची प्रेरणा तिची जिवलग मैत्रीण. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता एक पान ही वाची, एक पान ती. माझ्यातल्या मृगा आणि तारका या मैत्रिणींवरून दोघी भांडतसुद्धा.

"मृगा मी!"

"काय म्हणून? मृगा मी, तू तारका!"

पुढे आणखी तीन भाग आले, पण लाडका मीच होतो.

मग प्रेरणाला डेंग्यू झाला आणि दहा दिवसांत ती गेली. पाचवा भाग त्यानंतर महिन्याने आला.

नीरजाने तो एकटीने वाचला. त्यात तारका मरते. राज्यात जादू उदंड, पण तिला कोणी परत आणत नाही. मृगा तिची शाल घेऊन तिच्या आईकडे जाते, नुसती जवळ बसते. कादंबरी तिथेच संपते.

"मग एवढी जादू काय कामाची?" म्हणत नीरजाने पुस्तक भिरकावले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले! पण दुसऱ्या दिवसापासून तेच तिच्या उशाशी आणि मी फळीवर, धुळीत. मैत्रिणींची गाठ मी घालून दिली, आणि नीरजाचे अश्रू त्याच्या वाट्याला! मी जळफळत होतो.

एका रविवारी ती पाचव्या भागाला घेऊन प्रेरणाच्या आईकडे, द्वारकाबाईंकडे गेली. परतल्यावर तिने थेट मला उचलले. आपल्या आईला म्हणाली, "काकू म्हणाल्या, शेवट नको सांगू माय. ह्या दोघींची गाठ कुठं पडली, तिथून वाच."

पुढच्या रविवारी पडेगावात नीरजा मला मोठ्याने वाचत होती. अकराव्या पानावर ती अडखळली. तिथे तेलाचा डाग होता. द्वारकाबाईंनी त्यावर बोट ठेवले.

"ही माझ्या हातची जवसाची चटणी हाय. लई येळा सांगितलं तिला, जेवताना पुस्तक धरू नको. ऐकलं तर ना!"

त्या हसल्या, आणि हसता हसताच रडू लागल्या. नीरजाही.

पाचवा भाग शेजारी पडला होता. तेलाचा एकही डाग नसलेला. प्रेरणाचा हात त्याला कधी लागलाच नव्हता. ज्याच्यावर मी इतका जळलो, त्याची मला तेव्हा कीव आली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाने वाचलेले पुस्तक पुसून कपाटात कोंडू नका. डागासकट उघडा, मोठ्याने वाचा. घरात कुणीतरी ते ऐकायला थांबलेले असते.