कोरडं माप

मावशीने कोपरापर्यंत हात बादलीत घातला, तळाशी बोटं फिरवली आणि मान हलवली.

“अजून नाही.”

दारात उभ्या असलेल्या नव्या मॅनेजरने घड्याळ पाहिलं. “चाळीस मिनिटं झाली, मावशी.”

“पाणी गार आहे. गार पाण्यात तासभर तरी लागतो. हे बघा.” तिने तळातली एक गोळी काढून दोन बोटांत दाबली. वरचा हिरवा थर चिखलासारखा सुटून आला, आत खडा राहिला. “हा खडा आक्काच्या नरड्यात बसला म्हणजे मग घड्याळ बघत बसायची वेळ येईल.”

घोडेस्वारीच्या त्या शाळेत चौदा घोडी होती आणि त्या चौदांच्या खाण्याचं गेली वीस वर्षं मावशी बघत होती. वाळवलेला लसूणघास दळून, दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पोत्यांतून यायच्या. प्रत्येक पोतं ती ताडपत्रीवर ओतून हात फिरवून बघायची. बुरशीचा वास आला, काळपट गठ्ठा दिसला, की पोतं बाहेर. मग वजन करून एक माप गोळ्या आणि तीन मापं पाणी. आक्का ही त्यांतली सगळ्यात म्हातारी घोडी, सव्वीस वर्षांची. तिच्या दाढा झिजून हिरड्यांना लागल्या होत्या. गवत दिलं तर चघळून चघळून त्याचा बोळा बाहेर टाकायची. गोळ्यांच्या त्या हिरव्या लापशीवरच ती जगत होती.

“पोत्यावर छापलंय, कोरडं दिलं तरी चालतं,” मॅनेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, सगळ्यांना नमस्कार करायचा. याआधी त्याने एक मोठं गोदाम सांभाळलं होतं.

“चालतं की. दात असलेल्याला चालतं, सावकाश खाणाऱ्याला चालतं. आक्काला दात नाहीत, आणि धीर तर मुळीच नाही.”

“वीस वर्षांत कधी घशात अडकलंय इथं?”

मावशीने हात पुसला. पुसायला जितका वेळ लागायला हवा, त्याहून जास्त वेळ ती पुसत राहिली.

“नाही,” ती म्हणाली.

“मग झालं तर. रोजचे तीन तास नुसते भिजवण्यात जातात. येत्या सोमवारपासून कोरडं माप. सोमवारी तुमची सुट्टी, खरारा करतो तो मोतद्दार देईल. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.”

जाता जाता त्याने भिंतीवरची पाटी पाहिली. ‘भिजवल्याशिवाय एकही गोळी देऊ नये.’ मावशीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ही त्यानेच रंगवून दिली होती. मॅनेजरने ती खिळ्यावरून उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात नीट उभी केली.

दुपारी मावशी मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे स्वारी शिकवणारे. पोरांना ओरडून ओरडून घसा कायमचा बसलेला, पण घोड्याशी बोलताना आवाज लोण्यासारखा. ते रिंगणाच्या कठड्यावर बसून खोगिराचा पट्टा शिवत होते.

“मास्तर, तुम्ही जरा सांगा ना मॅनेजरला.”

“मी सांगून काय उपयोग? खाण्यातलं मला काय कळतं? तुम्ही सांगा, मावशी. इतकी वर्षं बघतोय मी, तुमच्या हातून कधी चूक म्हणून झाली नाही.” त्यांनी दातांनी दोरा तोडला. “तुमचा शब्द कोण मोडेल?”

आत्ता बोलावं, असं मावशीच्या ओठांवर आलं. मग रिंगणातून कुणीतरी मास्तरांना हाक मारली आणि ते उठून गेले.

अकरा वर्षांपूर्वी मास्तरांचा स्वतःचा घोडा तिथं होता. तपकिरी, लांबट तोंडाचा, प्रत्येक बादलीत नाक खुपसणारा. म्हणून त्याचं नाव मुंगूस. शिंगरू होता तेव्हापासून मास्तरांनी त्याला वाढवलेला. मास्तरांची आई दवाखान्यात होती म्हणून ते आठवडाभर गावाला गेले, तेव्हाची गोष्ट. गोळ्या तेव्हा नव्यानेच यायला लागल्या होत्या. त्या सकाळी मावशीची मुलगी तापाने फणफणली होती, मावशीला यायला उशीर झाला, घोडी भुकेने दारांवर लाथा मारत होती. एक दिवसाने काय होतंय, असं म्हणून तिने मुंगसाच्या गव्हाणीत कोरडं माप ओतलं. त्याने ते घाईघाईने गिळलं, आणि मान ताणून उभा राहिला. नाकातून हिरवा फेस यायला लागला. माणसाच्या घशात घास अडकला की आपण पाणी देतो. मावशीनेही तेच केलं. त्याचं डोकं वर धरून तिने बाटलीने पाणी पाजलं. पाणी घशातल्या गोळ्यावरून फिरून श्वासनळीत उतरलं. तिसऱ्या दिवशी छातीत पू होऊन घोडा मेला.

त्या वेळचे डॉक्टर म्हातारे होते. ‘न्यूमोनिया’ एवढंच त्यांनी लिहिलं. मास्तर परत आले तेव्हा मावशीने त्यांना सांगितलं, “खोकला झाला होता.” त्यावर मास्तरांनी कधी काही विचारलं नाही. दुसरा घोडा मात्र त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही.

ही गोष्ट जगात फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होती.

सोमवारी सकाळी तो अंगणात एका किराणा दुकानाची पाटी रंगवत बसला होता. मावशी तिसऱ्यांदा तेच पातेलं घासत होती.

“अगं, त्या पातेल्याला भोक पडेल आता.”

“सात वाजले असतील ना?”

“वाजले. दिलं असेल त्यांनी खायला. अगं, चौदाही घोडी खातील आणि ढेकर देतील.”

“घोडा ढेकर देत नाही. घशाखाली गेलेलं त्याला परत वर काढताच येत नाही.”

त्याने ब्रश डब्यात ठेवला. “सांगून टाक मग. नाहीतर सोड. हे असं अर्धवट लटकत राहू नकोस. पण सांगितलंस तर नोकरी जाईल, हे धरून चाल. आणि मास्तर…”

“मास्तरांचंच तर आहे,” मावशी म्हणाली. तिने पातेलं तसंच टाकलं, पायांत चपला सरकवल्या आणि ओल्या हातांनीच बाहेर पडली.

बसने जायला पाऊण तास लागायचा. ती उतरली तेव्हा फाटकापाशी कुणी नव्हतं. रिंगण रिकामं होतं. एरवी या वेळी शिकणाऱ्या पोरांचा कलकलाट असायचा. तबेल्याच्या आतून मात्र एक आवाज येत होता, ओल्या कापडाचा पिळा फाटावा तसा. मावशीने तो आवाज अकरा वर्षांनी ऐकला, आणि धावत सुटली.

आक्का ठाणात मान पुढे ताणून उभी होती. दोन्ही नाकपुड्यांतून हिरवा फेस छातीवर ओघळला होता. अंग घामाने काळं पडलं होतं. मोतद्दार तिचं डोकं वर धरून होता, आणि मॅनेजर, बाह्या वर केलेला, घाबराघुबरा, पाण्याची बाटली तिच्या तोंडाशी नेत होता.

मावशीने त्याच्या हातावर फटका मारला. बाटली भिंतीवर आपटली.

“पाणी नाही! डोकं खाली! सोड तिचं डोकं, खाली येऊ दे!” तिने गव्हाणीतलं खाणं उपसून बाहेर फेकलं, पाण्याची बादली लाथेने दूर केली. “डॉक्टरांना फोन केलात?”

“आत्ता… दहा मिनिटांपूर्वी.”

“पाणी किती गेलं आत?”

मॅनेजरने भिंतीपाशी पडलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. अर्धी बाटली.

मास्तर धावत आले. मावशीने आक्काचं तोंड जमिनीकडे वाकवून धरलं, फेस खाली गळू दिला, आणि डॉक्टर येईपर्यंत ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, “घाई नको बाई, घाई नको.”

डॉक्टर तरुण होती. तिने गुंगीचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली आणि थोडं थोडं पाणी सोडून तो अडकलेला गोळा धुवायला सुरुवात केली. दीड तास लागला. शेवटी नळी पुढे सरकली, आक्काने एक लांब श्वास सोडला, आणि मोतद्दार मट्‌कन खाली बसला.

“मोकळं झालं,” डॉक्टर म्हणाली. मग तिने छातीवर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. “पण छातीत काहीतरी गेलंय. पुढचे सात-आठ दिवस ताप बघा, सकाळ-संध्याकाळ. एकशे दोनच्या वर गेला की लगेच फोन.” हात धुता धुता ती मावशीला म्हणाली, “तुम्ही वेळेवर डोकं खाली केलंत. सगळे पाणी पाजायलाच धावतात. कुठं शिकलात हे?”

मॅनेजर भिंतीला टेकून उभा होता. “वीस वर्षांत इथं असं कधीच झालं नव्हतं हो,” तो कुणाला तरी समजावल्यासारखा म्हणाला. “मी स्वतः विचारून घेतलं होतं. एकदाही झालं नव्हतं.”

‘कुठं शिकलात’ याला मावशीने ‘जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं’ एवढंच उत्तर दिलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं कुणाच्या लेखी; जुने डॉक्टर केव्हाच वारले होते.

“झालं होतं,” ती म्हणाली. “माझ्या हातून झालं होतं. मुंगूस खोकल्याने नाही गेला, मास्तर. मी त्याला कोरडं घातलं होतं. अडकल्यावर मीच बाटलीने पाणी पाजलं. परवा यांनी विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले.”

मास्तर आक्काच्या मानेवरचा फेस पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही. पुसून झाल्यावर त्यांनी फडका घडी करून कठड्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा खाण्याच्या खोलीत मॅनेजर बादल्या मांडून बसला होता. रात्री झोपला नसावा.

“किती पाणी म्हणालात?”

“एकाला तीन. आणि घड्याळ लावू नका. हाताने बघायचं. मुठीत दाबलं की कुठं खडा लागता कामा नये.”

तो मान खाली घालून ओतू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “शाळेच्या मालकीणबाईंनी तुम्हाला बोलावलंय. पण आत्ता नाही, घोडीचं काय ते झाल्यावर.”

“बरं.”

पहिले दोन दिवस ताप शंभरावर राहिला. आक्का पातळ लापशी चाटायची, दोन घोट घेऊन थांबायची. तिसऱ्या संध्याकाळी एकशे दोन झाला. चौथ्या दिवशी तिने तोंड फिरवलं. तिच्या नाकातून वास यायला लागला, गोडसर, कुजका. मोतद्दाराला तो आला नाही, मावशीला ठाणाच्या दारातच आला. डॉक्टर रोज दोनदा येऊन इंजेक्शनं देऊन जायची.

मास्तर रोज शिकवायला येत. रिंगणातून त्यांचा बसका आवाज ऐकू यायचा, टाच खाली, पाठ सरळ. ते ठाणापाशी येत, आक्काच्या कपाळावर हात ठेवून उभे राहत, आणि मावशी आत असली तर ती बाहेर येईपर्यंत दूर थांबत. पाच दिवसांत त्यांनी तिच्याशी एक अक्षर काढलं नाही. दुपारच्या चहाचा त्यांचा पेला ती नेहमीच्या जागी ठेवायची. तो गार व्हायचा, आणि ती तो ओतून टाकायची.

“काही तरी बोलू दे त्यांनी,” ती घरी नवऱ्याला म्हणाली. “शिव्या दिल्या तरी चालतील.”

“शिव्या सोप्या असतात,” नवरा म्हणाला. पाटी बाजूला ठेवून त्या दिवशी भात त्यानेच टाकला.

सहाव्या दिवशी सकाळी आक्का उभी होती, पण भिंतीला टेकून. ताप एकशे पाच. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमागे खोल खळगा पडत होता. डॉक्टरने ऐकलं, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि म्हणाली, “हिला आता त्रास नको. इंजेक्शन देऊन शांत झोपवू या.”

आक्काला हळूहळू चालवत मागच्या गवतावर आणलं. वीस पावलांना पाव तास लागला. मॅनेजर मागून येत होता; मध्येच तो थांबला आणि तोंड फिरवून कुंपणाकडे बघत राहिला. तोंडाला बांधलेल्या मोरकीचा दोर मावशीच्या हातात होता. डॉक्टर सिरिंज भरत असताना मास्तर रिंगणाकडून आले. ते आक्काच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मावशीकडे न बघता त्यांनी विचारलं,

“मुंगसाजवळ शेवटी कोण होतं?”

“मीच होते.”

“शेवटपर्यंत?”

“हो.”

मास्तरांनी मान डोलावली. मग हात पुढे करून त्यांनी मोरकी आपल्या बाजूने धरली.

“ती एकदम खाली कोसळेल,” डॉक्टर म्हणाली. “जवळ दोघं नकोत. कुणीतरी एकानं धरलं तरी पुरे.”

दोघांपैकी कुणीच हात सोडला नाही.