ढवळीच्या गळ्यातली घंटा

मी ढवळीच्या गळ्यातली घंटा बोलतेय. देवळातली पितळी नव्हे, लाकडाची. लाकडी म्हटलं की माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. पितळ देवाला जागं करत असेल, मी रानात चुकलेली गाय शोधून देते.

मला कोरलं कवडूनं. तो वडनेरचा गायकी. सकाळी गावची गुरं आखरावर गोळा करायची, दिवसभर रानात राखायची आणि दिवेलागणीला ज्याची त्याच्या दारी पोचवायची, हे त्याचं काम. ढवळी पुढे, तिच्यामागे कळप आणि माझ्या आवाजामागे कवडू.

एकदा श्रीनिवास मास्तर वर्ध्याला इंग्रजी सिनेमा पाहून आले आणि आखरावरच थांबले.

"कवडू, स्पेन देशात गाईले वाका म्हणतात. गाई राखते तो वाकेरो. तो शब्द अमेरिकेत गेला, तिथं त्याचा बकारू झाला."

"म्हंजे आपला गायकीच."

"गायकीच. पण त्याले घोडा असते, पिस्तूल असते."

"मंग गाई कोन पाह्यते?" कवडूनं विचारलं.

तेव्हापासून गाव त्याला वाकेरो म्हणू लागलं. त्याच्या घरासमोरची देवकाबाई रोज छेडायची, "काऊन रे वाकेरो, घोडा कुठी बांधला?" तो दात काढून हसायचा. मला मात्र राग यायचा. फुकटचा मान द्यायला गाव उदार, ओट्यावर बसायला मात्र कोणी सांगत नसे. अपवाद मास्तरांचे वडील, बंडोपंत. ते त्याला शेजारी बसवून तंबाखूची चिमूट देत.

आमच्या गावात एक रीत होती. कुणाकडे मयत झालं की त्या दारावरून गुरं नेताना माझ्या तोंडात गवत कोंबायचं. दुःखाच्या घरी खडखडाट नको म्हणून. रानात पोचलं की ते काढायचं.

भादव्यात बंडोपंत गेले. कवडूनं चांगलं ठासून गवत भरलं. "गुपचूप चाल, ढवळे. आपला मानूस गेला," म्हणाला. रानात पोचल्यावर तो पळसाखाली बसून रडला आणि त्या रडण्यात माझं तोंड मोकळं करायचं विसरला.

दुपारी नाल्याकाठच्या उंच गवतात त्याला घोणस चावली. त्यानं दुपट्टा पायाला आवळला, चार पावलं चालला आणि आडवा झाला. संध्याकाळी गुरं आपली आपण गावाकडे गेली. ढवळी त्याच्याजवळून हलली नाही.

गुरं गायकीवाचून आलेली पाहून माणसं कंदील घेऊन निघाली. डोकं भादरलेले मास्तर सुतकातही आले. नाल्याच्या पल्याड सगळे थांबले.

"गप राहा सारे," मास्तर म्हणाले. "घंटा ऐका."

ढवळीनं मान झटकली. मी जीव तोडून हलले. गवतात वारा शिरावा तेवढीच खसखस झाली. कवडूचे डोळे उघडे होते, पण हाक मारायचं बळ उरलं नव्हतं. त्यानं माझ्या तोंडाकडे हात उचलला. तो अर्ध्यावरच पडला.

"इकडे नाई," पल्याडून कोणीतरी म्हणालं. "असता तं घंटा वाजली असती."

कंदील दुसऱ्या दिशेला वळले. मी ते जाताना पाहिले.

सकाळी तो सापडला. मास्तरांनी माझ्या तोंडातलं गवत ओढून काढलं. ते अजून हिरवं होतं. ते कुणाच्या मानासाठी कोंबलं होतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते तिथंच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी नवा गायकी पुंडलिक कवडूच्या दारापाशी आला आणि रीतीप्रमाणे माझ्या तोंडात गवत कोंबू लागला. मास्तरांनी त्याचा हात धरला. "नको. वाजू दे."

मी वाजत गेले. "मेल्या घरची तरी लाज धरा," देवकाबाई कडाडली. कवडूची बायको दारात बसली होती. मी दिसेनाशी होईपर्यंत ती ऐकत राहिली.

आता मी प्रत्येक मयताच्या दारावरून खडखडत जाते. उद्या तुमच्या घरचं माणूस गेलं आणि मी वाजले, तर खुशाल शिव्या द्या. पण माझ्या तोंडात गवत कोंबू नका. रानात कोणी अजून जिवंत असेल.