दुप्पट लोह

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे तिचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. सकाळी पांढरा कोट चढवायचा, सूक्ष्मदर्शकात दोनदा डोकवायचं आणि पाहुण्यांसमोर "आम्ही केलं" म्हणायचं, एवढंच त्यांचं विज्ञान. पेशी वाढवायची ती. बारा वर्षं. मनातल्या मनात ती त्यांना ‘फीतकापे’ म्हणायची.

काम मात्र नाजूक होतं. माणसाच्या गुडघ्यातून काढलेल्या जिवंत पेशींना लोहाचे अतिसूक्ष्म कण खाऊ घालायचे. कण पोटात गेले की बशीखाली लोहचुंबक धरून पेशी हव्या तिथे ओढायच्या, थरावर थर बसवायचे आणि झिजलेल्या गुडघ्यासाठी नवी कूर्चा घडवायची. कण बेतानं दिले तर पेशी सावकाश सरकतात, अर्धा तास घेतात. जास्त दिले तर मरतात.

बुधवारी पाहुणे यायचे होते. सोमवारी भावोजी म्हणाले, "अगं, दुप्पट घाल. झपकन ओढल्या गेल्या पाहिजेत. अर्धा तास कोण बघत बसणार?"

"मरतील, भावोजी."

"तुझं आपलं काहीतरीच. दिसलं पाहिजे गं, दिसलं पाहिजे!"

एरवी तिनं हुज्जत घातली असती. त्या दिवशी तिला वाटलं, आपटू दे एकदा तोंडावर. तिनं मोजून दुप्पट घातलं.

बुधवारी भावोजींनी चुंबक धरलं आणि पडद्यावरचा तपकिरी ढग सर्रकन एका कडेला गोळा झाला. टाळ्या पडल्या. भावोजी असे फुलले, जणू लोहाचा शोध यांनीच लावला. मढ्यांची मिरवणूक, तिच्या मनात आलं. मेलेल्या पेशीच्या पोटातही लोह असतंच, चुंबकाला काय त्याचं!

तेवढ्यात पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनबाई पुढे आल्या. "यात निळा रंग टाका बघू एक थेंब."

मेलेली पेशी तो रंग पिते, जिवंत पेशी आत घेत नाही. हे प्रमुखाला ठाऊक असायला हवं. भावोजींनी हसून तिला खूण केली. तिनं थेंब टाकला. पडदा निळाशार झाला.

"वा, रंग काय छान चढलाय!" भावोजी म्हणाले आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

सर्जनबाई थांबल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," ती जरा ऐटीतच म्हणाली. "बजावलं होतं मी. पण त्यांना काय कळतंय?"

"या पेशी माझ्या पेशंटच्या होत्या. बस चालवायचे. दोनदा उघडलाय त्यांचा गुडघा, आता तिसऱ्यांदा?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "त्या माणसाला अक्कल नाही, त्यांची कीव येते. तुम्हाला आहे, आणि तरी तुम्ही घातलंत. तुमची किळस येते."

तिचे कान तापले. काहीतरी सुनवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "त्यांच्या पेशींची एक कुपी गोठवून ठेवलीय."

"मग वाढवा. आणि दर दोन दिवसांनी कळवा. मला."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "तू म्हणे मुद्दाम रंग टाकलास? निळा म्हणजे मेलेल्या, हे यांना चहाच्या वेळी पाहुण्यांनी सांगितलं. हे जेवले नाहीत गं."

"रंग त्यांनीच टाकायला लावला, ताई. मी मुद्दाम टाकलं ते लोह."

ताईला काही ते उमगलं नाही. तिनं रागानं फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी पेशी कण भरण्याइतक्या वाढल्या. भावोजी पुन्हा डोक्याशी उभे. "या वेळी निदान दीडपट तरी..."

"नाही."

"प्रमुख मी आहे!"

"मग तुम्हीच घाला."

त्यांनी पिपेट उचललं. त्याला टोक कसं बसवतात हेच त्यांना येईना. एक टोक खाली पडलं, मग दुसरं. पूर्वी हा किस्सा तिनं आठवडाभर रंगवून सांगितला असता. आता तिनं मुकाट्यानं त्यांच्या हातातून पिपेट घेतलं आणि बेताचं लोह घातलं. दुसऱ्या दिवशी चुंबक लावलं, तेव्हा भावोजी पाच मिनिटांत कंटाळून निघून गेले. ती बसून राहिली.

थर नीट बसले. महिन्याभरानं सर्जनबाई ती कूर्चा न्यायला आल्या. भावोजींशी दोन शब्द बोलल्या, डबा उचलला आणि तिच्याकडे न बघताच निघून गेल्या.