इस्त्रीच्या कापडाखालचा झगा

“एक कमी आहे,” मी म्हणाले.

“बी. ए. झालीस आणि मोजता येत नाही? पुन्हा मोज.” मावशीने इस्त्री उभी करून ठेवली.

पुन्हा मोजले. एकशे अकरा. यादीत नावे एकशे बारा. पदवीदान अकरा वाजता, आणि टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता.

पदवीदानाचे काळे झगे आमच्या लाँड्रीतून भाड्याने जात. माझ्याच कॉलेजची यादी मीच मोजली होती, आणि उरलेले झगे कालच दुसऱ्या कॉलेजला पाठवलेही होते. चूक तेव्हाच लक्षात आली. लाँड्रीत गिऱ्हाइकांचे कपडे मोजायचे, आपले नाहीत. तो हिशोब हाताला इतका बसला होता की यादीतले माझे नाव मी मोजलेच नव्हते.

“राहू दे गं,” मी म्हणाले. “पदवी काय, टपालानेही येते.”

खरे सांगायचे तर मी थकले होते. आई गेली, वडिलांनी दुसरे घर केले, आणि आठव्या वर्षी मी बोचक्यासारखी मावशीच्या दारात येऊन पडले. दहाव्या वर्षी शाळा सुटली. कपडे ज्यांत बांधून येत ती वर्तमानपत्रे मी इस्त्री करता करता वाचायची. असेच वाचताना एका झग्याची बाही करपली. मावशीने माझ्या थोबाडीत दिली आणि लाँड्रीच्या मालकाला सांगितले, “माझ्या हातून झालं.” पुढे बाहेरून मॅट्रिक, मग सकाळचे कॉलेज, मध्ये दोनदा नापास. पदवी हाती येईपर्यंत चौतीस वर्षांची झाले होते.

“टपालाने?” मावशी म्हणाली. “इतकी वर्षं पाय सुजवून उभी राहिले, ती टपालासाठी?”

तिने टेबलावरचे जाड कापड उचलले. खाली, इस्त्रीला मऊ लागावे म्हणून, तोच करपलेला झगा घडी करून अंथरलेला होता. चोवीस वर्षांच्या वाफेने काळा रंग विटला होता. बाहीवर इस्त्रीचे टोक तसेच उमटलेले.

“मावशी, लोक हसतील.”

“हसू देत. हात अंगाशी धर, दिसत नाही.”

“मग तूही चल.”

“आणि हे शर्ट कोण करणार? तुझा बाप?”

तिने पाणी शिंपडून झगा असा कडक करून दिला, जणू सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाचा आहे.

मी गेले. हात अंगाशी धरून व्यासपीठावर चढले. कुणी हसले नाही. कुणी पाहिलेही नाही.

संध्याकाळी परतले तर मावशी शर्टांच्या ढिगामागे होती. तिने पदवीच्या कागदाला हात लावला नाही. “हात ओले आहेत गं,” म्हणाली, आणि लांबूनच बराच वेळ पाहत राहिली. मी झगा कापडाखाली परत अंथरायला पुढे केला. तिने तो माझ्या हातातून घेतला, करपलेली बाही आत दुमडून घडी घातली, कागदात बांधला आणि मला दिला.

“तुझा आहे. घरी ने.”

दुसऱ्या दिवशी टेबलाच्या कापडाखाली तिची लोकरीची शाल अंथरलेली होती. त्या हिवाळ्यात मावशी शालीशिवायच कामावर यायची. विचारले तर म्हणायची, “इस्त्रीपाशी कसली आलीय थंडी?”