चौकोनातल्या खुणा

पुनमच्या चाचणीचे मार्क दुपारी चार वाजता तिच्या बापाच्या मोबाइलवर आले आणि सव्वाचारला मला हदगावहून त्यांचा, शेषेरावांचा, फोन.

"सातशे वीसपैकी दोनशे बारा! सिंधु, ह्ये होऊच शकत न्हाई. आपलं पान बघ की, सत्त्याऐंशी टक्के अभ्यास झालाय पोरीचा. क्लासवाल्यांनी पेपर बदलला कुणाशी तरी. उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिलो मी. पान दाखवतो त्यांना. सोडत नसतो!"

फोन ठेवला आणि मी मोबाइलवर ते पान उघडलं. त्यावरच्या निम्म्याहून जास्त खुणा मी केलेल्या होत्या.

हे पान म्हणजे काय ते सांगते. हदगावला आमची कापूस-सोयाबीनची शेती. ती सांभाळायला शेषेराव तिकडे राहिले आणि पोरीला डॉक्टर करायचं म्हणून मी लातुरात खोली घेऊन तिला रांधून वाढायला आले. आमच्या गल्लीत अशा आयाच आया आहेत. सगळ्यांचे नवरे गावी आणि जीव टांगणीला. शेषेराव रोज संध्याकाळी फोन करून आज काय काय झालं ते विचारायचे. पुनम वैतागली. तिच्याकडे साधा फोन, मोठा फोन क्लासच्या पोरांना वर्ज्य. म्हणून जूनमध्ये तिनं माझ्या मोबाइलवर नोंदी ठेवायचं एक अ‍ॅप घेतलं, प्रत्येक धड्यापुढे चौकोन केला आणि ते पान बापाच्या मोबाइलला जोडून दिलं. चौकोनात बरोबरची खूण केली की वरची हिरवी पट्टी पुढे सरकते. "आता तुम्हीच बघत जा पप्पा, रोज फोन नको," म्हणाली.

खुणा करायचं काम माझ्याकडे आलं. दहावी शिकलेली बाई मी, पण त्या अ‍ॅपनं मला रडवलं. त्यात पान असतं, पानाच्या पोटात आणखी पान, आणि ओळ बोटानं दाबून धरली की उचलून कुठंही ठेवता येते. एकदा माझ्या हातून एक धडाच उचलला गेला आणि त्याच पानाखाली लिहिलेल्या माझ्या किराण्याच्या यादीत जाऊन पडला. लगेच हदगावहून विचारणा, "मानवी पचनसंस्था पावशेर आणायची का अर्धा किलो?" पुनम पोट धरून हसली होती. तेव्हा हसायची ती.

दिवाळीनंतर ती सांगेनाशी झाली. क्लासहून यायची, पुस्तक उघडून बसायची. तासाभरानं बघावं तर पान तेच. भाकरीचा चतकोर ताटात तसाच. काय झालं गं आज, म्हटलं की "झालं" एवढंच. पट्टी दोन दिवस जागची हलली नाही की बापाचा फोन यायचा आणि फोन वाजला की पोरीचा चेहरा पांढराफटक पडायचा. मग एका संध्याकाळी मी आपल्या मनानं एक खूण केली. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दोन केल्या. शेषेराव ती पट्टी बाजारात चहाच्या हॉटेलात लोकांना दाखवायला लागले आणि मी इकडं वाळवणाचं निमित्त सांगून घरमालकाकडून गच्चीच्या दाराची किल्ली मागून घेतली. ती कमरेला खोचून हिंडत होते. पोरीच्या जिवाची एवढी भीती वाटत होती, आणि तरी मी खुणा करतच होते. काय म्हणावं माझ्या अकलेला!

माझं माहेर औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमचं घर पडलं नाही, पण मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आई घाबरते म्हणून वडलांनी ती चिखलानं लिंपली आणि वरून चुन्याचा हात दिला. दिसेनाशी झाली तशी आम्ही पुन्हा त्याच भिंतीखाली झोपायला लागलो. पुढच्या पावसाळ्यात भरदुपारी भिंत बसली. सगळे शेतात होतो म्हणून वाचलो. मार्क आले त्या दिवशी मोबाइल हातात घेऊन बसले तेव्हा इतक्या वर्षांनी मला वडलांचा राग आला, आणि पाठोपाठ माझा स्वतःचा.

उद्या क्लासच्या दारात, चार लोकांत हे सगळं उघडं पडलं असतं. पोरीनं ते सोसलं नसतं. ती सहाला यायच्या आत मी खुणा काढायला बसले. बोट लावलं की खूण जाते आणि पट्टी मागे येते. पंधरा-वीस काढल्या असतील, तोच फोन वाजला. खुणा काढता काढताच स्पीकरवर टाकला.

"अगं, टिकमार्क निघून राहिले सगळे! क्लासवाल्यांनी काही केलं काय? लौकर फोटो काढून ठेव!"

"क्लासवाल्यांनी नाही. मी काढून राहिले."

"डोकं फिरलं का तुझं?"

"दिवाळीपासूनचे मीच केले होते, अहो. पोरगी काही सांगत नव्हती, आणि तुमचा फोन वाजला की भेदरत होती. तिनं स्वतः सांगितलेले तेवढे ठेवते."

मग शेषेराव हळूच म्हणाले, "मग इतके दिवस पोरगी काय करून राहिली?"

मला ठाऊकच नव्हतं. मी पट्टी सांभाळत होते.

"आई."

पुनम दारात उभी होती, पाठीला दप्तर, पायात चपला. कधी आली कळलंच नाही. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"राहिलेले मी काढते. श्रावणापासून मी पण खोटंच सांगत होते. मला तिथं काही कळत नाही, आई. शंभर पोरं असतात वर्गात, उठून विचारायचं म्हटलं की घसाच बंद होतो."

ती खाली बसली आणि अंगठ्यानं एकेक खूण काढत गेली. हिरवी पट्टी पार नखाएवढी उरली. शेषेराव फोनवरच होते, मागं बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

"पुनम, माय," ते म्हणाले, "उद्या येतो मी. भांडायला न्हाई."

"मग पान बघायला?"

"न्हाई गं. तुला बघायला."

तेव्हा ती रडली, अशी मोठ्यानं, की शेजारच्या आया दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एरवी मी दार लावलं असतं. उभ्या राहू द्या म्हटलं, आणि पोरीला जवळ घेतलं.