केरबा हवालदाराचा वज्रकाढा

महायुद्ध संपून आमची पलटण घरी आली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ब्रह्मदेशाच्या जंगलातून आम्ही उंब्रजच्या शिपायांनी पदकं आणली आणि हिवतापही आणला. पदकं पेटीत गेली. हिवताप मात्र जावयासारखा अधूनमधून मुक्कामाला यायचा.

आमच्यात केरबा हवालदार सगळ्यांत रुबाबदार. सांगलीच्या नाथाजी काढेवाल्यानं त्याला हेरला. दर बाजारी केरबानं लष्करी पोशाखात छकड्यावर चढायचं, ज्वारीचं पोतं एका दमात खांद्यावर घ्यायचं आणि नाथाजीनं ओरडायचं, "हवालदाराचा हिवताप पळाला, अंगात ताकद आली! कशानं? वज्रकाढ्यानं!" केरबा तोंडानं काही बोलत नसे. भावकीत वाटणी होऊन त्याच्या वाट्याला टीचभर रान आलेलं. हा रोजगार त्याला हवाच होता.

अशात आमदार लालासाहेब गावात आले. लढून आलेल्या शिपायांसाठी सरकारकडं दवाखाना मागायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सभा बाजारातच, पारावर; शेजारीच नाथाजीचा छकडा आणि पोशाखातला केरबा. गावचे पुढारी नानासो आडवे आले.

"आवं आमदार, लोकांचा पैसा दवाखान्यात कशाला घालताय? हवालदार काढ्यानं बरा झाला की! शिपायांना एकेक बाटली वाटा, भागलं."

माणसं हसली. लालासाहेबही हसले. "नानासो, लोकांचा पैसा जपूनच खर्चावा. आमच्या हारतुऱ्यांचा, कमानींचा खर्च आधी बंद करा, मी टाळ्या वाजवीन. पण लढलेल्या माणसाच्या औषधात काटकसर नको. आणि बाटलीत काय आहे ते बाटलीवर लिहिल्याशिवाय औषधाची जाहिरात करू देऊ नये, असं मी विधानसभेत मांडणार आहे. नाथाजी, काय आहे हो ह्यात?"

"गुपित हाय साहेब. फोडू नगं म्हणून आज्यानं सांगितलंय."

"मग गुण आला का, ते हवालदारालाच विचारू."

नानासोंनी पालीच्या खंडोबाचा भंडारा मागवला. आमच्याकडं भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. नाथाजी बेफिकीर होता. दर बाजारी तो केरबाला एक बाटली फुकट द्यायचा आणि पुढच्या बाजारी ती रिकामी परत यायची.

"उचल गड्या, भिऊ नगंस," तो म्हणाला.

केरबाला घाम फुटला. खरं सांगावं तर रोजगार जातो, खोटं सांगावं तर आम्हा सगळ्यांचा दवाखाना. गर्दीतून त्याची बायको बनुबाई कडाडली, "आवं, जपान्याफुडं न्हाई भ्यालासा, आन् आता का मुकं झालासा?"

केरबानं भंडारा उचलला.

"बाटली रिकामी हुती, ह्ये खरं हाय. पन प्यालो न्हाई. पैल्या दिशी एक घोट घेतला, त्यो थुकला. लय आंबाट! तवापास्नं त्यानं बक्कल आन् बटनं घासतो. हिवताप कुठला जातोय? परवाच चार गोधड्या घिऊन पडलो हुतो."

"मंजी ह्ये जे चमकतंय—" नानासो बकलाकडं वाकून बघत म्हणाले.

"त्ये समदं काढ्यानंच."

बाजार पोट धरून हसला. नानासो आधी लाल झाले, मग त्यांनाही आवरेना. "मागा गड्या दवाखाना," ते म्हणाले, "पर बांधायचा तर आमच्या आळीत!" मागणीच्या अर्जावर पहिली सही त्यांचीच पडली.

केरबा खाली मान घालून पट्टा सोडू लागला. "नाथाजीशेट, माजं काम संपलं न्हवं?"

नाथाजी उत्तर द्यायच्या आत छकड्याभोवती बायका जमल्या. "आवं काढेवालं, ह्यानं तांब्याची घागर उजळंल का?" एकजण विचारत होती. "माज्या समया काळ्या पडल्यात," दुसरी म्हणाली.

नाथाजीनं बायकांकडं बघितलं, मग बकलाकडं.

"हवालदार, निघालात कुठं? चढा वर! आन् त्ये पोतं टाका बाजूला!"

लालासाहेबांनी आपल्या मोटारीचा पितळी भोंगा काढून आणायला लावला. "आधी हा," ते म्हणाले. केरबा बाह्या सारून बसला आणि घासू लागला.